एकट्यानं जाऊन यायचा रस्ता

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मोजणीदार एका चारमजली इमारतीच्या फाटकातून एकटे बाहेर पडले. वय एकाहत्तर. उजव्या हातात पांढरी काठी, खिशात तीन मोठ्या बटणांचा फोन आणि डोक्यात तीन आकडे: दोनशे चाळीस, दोनशे, एकशे बहात्तर.

इमारत त्यांची नव्हती, अजून तरी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात त्यांचा मुलगा आणि सून उभे होते. त्यांच्यामागून जायला दोघांनाही सक्त मनाई होती.

प्रश्न असा होता. सून डायलिसिसच्या यंत्रांवर काम करते. वाढत चाललेल्या मोठ्या शहरात एक नवं रुग्णालय उघडत होतं. वीस यंत्रांचा विभाग तिच्या हाती द्यायला ते तयार होते आणि होकार किंवा नकार सोमवारी दुपारी बारापर्यंत हवा होता. सध्याच्या गावापासून ते रुग्णालय नव्वद किलोमीटर. रोज जाऊन-येऊन करायची सोय नव्हती, तेव्हा शहराच्या कडेला एखादं उपनगर निवडून सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं, असं ठरलं. मुलगा लिफ्टची दुरुस्ती करतो; जिथं इमारती तिथं त्याला काम. नातीची शाळा सगळीकडून सारखीच लांब पडत होती, त्यामुळं तो मुद्दा निकालात निघाला होता. त्या रविवारी ती परीक्षेसाठी मावशीकडे राहिली होती.

राहिले मोजणीदार. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा सहा वर्षांपूर्वी गेला. उजव्याला खिडकी कुठं आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. जुन्या गावात त्यांचं काही अडत नव्हतं. तिथली प्रत्येक वाट त्यांनी जमीन मोजायच्या नोकरीत असताना साखळीनं मोजली होती आणि आता पायांनी पाठ केली होती. रोज दुपारी चारला ते घरातून निघत, बंद पडलेल्या कारखान्याच्या दारातल्या बाकावर दोन मित्रांशी वाद घालत आणि सहाला परत येत. कुणी हात धरायला आलं की म्हणत, "तुमचा हात तुमच्याकडेच असू द्या, पडलात तर उपयोगी येईल."

त्यांनी एकच अट घातली. "घरापासून एक अशी जागा हवी, की तिथं मी एकटा जाईन आणि एकटा परत येईन. माणसं नसली तरी चालतील, माणसं मी शोधीन. रस्ता मला सापडला पाहिजे. तसा रस्ता नसेल तर तुम्ही जा, मी इथं बरा आहे."

"तुम्ही इथं, मग मीही इथंच," सून म्हणाली. "त्यांना दुसरी कुणीतरी मिळेल."

"ही धमकी आहे का, सूनबाई?"

"माहिती देतेय, बाबा."

त्यामुळं आठवडाभरात तीन उपनगरं बघायची वेळ आली. घरं दाखवणारा एजंट तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, स्वभावानं चांगला. त्याच्या लेखी सगळंच पाच मिनिटांवर होतं. बाजार पाच मिनिटं, बस पाच मिनिटं, दवाखाना पाच मिनिटं. पहिल्याच दिवशी मोजणीदारांनी त्याला विचारलं, "कुणाची पाच मिनिटं?" त्यावर तो मनापासून हसला आणि पुन्हा म्हणाला, "म्हणजे अगदी पाचच मिनिटं, काका." तेव्हापासून घरात त्याचं नाव पाचमिनिटवाला पडलं.

पहिलं उपनगर कोरं होतं. रस्ते रुंद, झाडं बांबूला बांधलेली, इमारतींच्या काचांना अजून चिकटपट्ट्या. पण प्रत्येक इमारतीला तळघरात गाड्या न्यायचा उतार होता आणि प्रत्येक उतारापाशी फूटपाथ संपत होता. दीडशे पावलांत तो सात वेळा संपला. आठव्या वेळी मोजणीदारांची काठी हवेत गेली. मुलानं त्यांना मागून धरलं. "हा फूटपाथ आहे की मोडकी शिडी?" ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या ठिकाणी फूटपाथ उत्तम होता, पण तो कुठंच नेत नव्हता. इमारतींना वळसा घालून पुन्हा तिथंच यायचा. जाण्यासारखी एकच जागा, महामार्गापलीकडचं दुकानांचं संकुल. त्यासाठी अठ्ठावन्न पायऱ्यांचा पूल. शिवाय चारी बाजूंनी बांधकाम चाललेलं. काँक्रीट कालवणाऱ्या यंत्रांच्या आवाजात शेजारून जाणारी बसही ऐकू येईना. मुलानं तिथली लिफ्ट पाहिली आणि खूश होऊन परत आला. सून म्हणाली, "छान. तू लिफ्टमध्ये राहा. आम्ही दुसरीकडे बघतो."

तिसरं उपनगर एजंटनं नाइलाजानं दाखवलं. जुनी वस्ती, बुटक्या इमारती, भाव फारसे न चढलेले. फूटपाथ अरुंद होता, पण त्याच्या डाव्या अंगाला सलग भिंत होती. कधी विटांची, कधी दगडाची, मधूनच लोखंडी कठडा. काठीला प्रत्येकाचा आवाज वेगळा. फाटकातून निघून सरळ कोपऱ्यापर्यंत जायचं. तिथं डावीकडे वळून सिग्नलपर्यंत. सिग्नल आवाज करणारा होता. थांबायचं असेल तर संथ टकटक, जायचं असेल तर भरभर. तो ओलांडला की सरळ पुढं सार्वजनिक वाचनालय. वाचनालयात बोलती पुस्तकं होती आणि पोर्चमध्ये तीन बाकं. शनिवारी दुपारी मोजणीदारांनी मुलाचा दंड धरून ही वाट दोनदा चालून पाहिली. दोन्ही वेळा आकडे तेच आले. फाटक ते कोपरा दोनशे चाळीस. कोपरा ते सिग्नल दोनशे. सिग्नल ते वाचनालयाची पायरी एकशे बहात्तर. रस्ता ओलांडायची पावलं त्यांनी धरली नाहीत. तिथं कान पुरतात.

"उद्या एकटा जातो," ते म्हणाले. "जमलं तर घर घ्या."

एजंटनं सांगितलं की याच घरासाठी दुसरं एक कुटुंब रविवारी दुपारी दोनला येणार आहे. हे मात्र खरं निघालं.

तर रविवार. अंदाज असा होता: जायला दहा-अकरा मिनिटं, तिथं दहा मिनिटं बसणं, यायला तेवढीच. म्हणजे सव्वाअकरापर्यंत परत. रिकाम्या घराच्या खोल्या मागच्या बाजूला होत्या. खिडकीतून शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे आणि पाण्याची टाकी दिसे, रस्ता दिसत नसे. बसायला काही नव्हतं. सून ओट्यावर चढून बसली. मुलगा भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकांत बोट घालत खोलीभर फिरत राहिला.

सव्वाअकरा वाजले. अकरा वीस झाले.

"फोन लावू?"

"नको म्हणालेत ना."

त्यानं लावला. वाजून वाजून बंद झाला.

"घेत नाहीयेत."

"मोजताना ते कधी फोन घेतात? आपल्या लग्नाच्या दिवशी तुझ्या मामांनी केलेला फोन घेतला नव्हता. गच्ची मोजत होते."

"तेव्हा त्यांना दिसत होतं."

साडेअकराला तो दाराकडे निघाला, तेव्हा ती ओट्यावरून उतरली आणि दारात उभी राहिली.

"तू त्यांना रस्त्यात गाठलंस तर काय होईल, माहितीये? ते तुझा हात धरून घरी येतील, काही बोलणार नाहीत, आणि उद्या सकाळी म्हणतील, मी इथंच बरा आहे."

"आणि नाही गाठलं तर?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. आठ मिनिटं ती दारात तशीच उभी राहिली. अकरा अडतीसला बाजूला होऊन म्हणाली, "जा. पण समोरच्या फूटपाथनं जा. दिसले तर हाक मारू नकोस."

तो लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्यानं उतरतो, तेव्हा काय समजायचं ते ती समजली.

मधल्या तासाभरात काय घडलं, ते टायरच्या दुकानातली बाई, एजंट, वाचनालयाचा रखवालदार आणि स्वतः मोजणीदार यांच्या सांगण्यावरून असं जुळतं.

दहा पंचेचाळीसला त्यांनी दोनशे चाळिसावं पाऊल टाकलं. काठीनं चाचपलं तर डावीकडची भिंत संपलेली. ते वळले. वीस पावलांनंतर काठी मऊ, उंच, गोल वस्तूंच्या थप्पीवर आपटली आणि रबराचा वास आला.

"आजोबा, गाडी कुठंय?" दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

"गाडी नाही. मीच आलोय."

"मग हवा भरायची की पंक्चर काढायचं?"

"आधी मी कुठं आहे ते सांगा. वाचनालयाची गल्ली हीच ना?"

"हे माझं अंगण आहे. गल्ली पुढं. ही भिंत संपली की."

बाईंनी हात धरायला पुढं केला. तो दिसला नाही, पण असणार हे मोजणीदारांना ठाऊक होतं. "हात नको," ते म्हणाले. "या अंगणाच्या दारापर्यंत मला परत नेऊन सोडा, मग कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहा आणि टाळी वाजवा." बाईंनी तसं केलं. रविवार होता, गिऱ्हाईक नव्हतं आणि असलं काम त्यांना याआधी कुणी सांगितलं नव्हतं. ते टाळीच्या दिशेनं चालत गेले. अठरा पावलं भरली.

सहा वर्षांत पहिल्यांदाच, असं त्यांनी नंतर सांगितलं, त्यांना घाम फुटला. रस्ता चुकल्याचा नव्हे. दोनदा मोजून एकच आलेला आकडा चुकला, याचा. डोळे गेले तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं होतं, मोजणी तर राहिली. आता तीही गेली असेल तर दंड धरूनच चालायचं.

मग त्यांनी मोजणीदार करतो तेच केलं. निघालेल्या खुणेवर परत गेले. कोपऱ्यापासून उलटं, इमारतीच्या फाटकापर्यंत, पाऊल न चुकता. दोनशे अठ्ठावन्न. दहा अठ्ठावन्नला ते फाटकाच्या खांबाला तळहात टेकवून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एजंट तिथंच फोनवर बोलत होता. त्यानं त्यांना पाहिलं आणि वर कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं नंतर सुनेनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, पाच मिनिटं विसावा घेतायत."

खांबाशी उभं राहून त्यांनी लावलेला हिशेब साधा होता. दोनशे चाळीसचे दोनशे अठ्ठावन्न झाले. म्हणजे दर चाळीस पावलांमागे तीन जास्त. मोजताना गाळलेली पावलं अशी ठरावीक प्रमाणात गळत नाहीत. मोजणी बरोबर होती. बदललं होतं ते पाऊल. शनिवारी मुलाच्या दंडाला धरून चालताना ते त्याच्या टांगेनं चालले होते. आज एकटे होते, म्हणून स्वतःच्या टांगेनं. मग पुढचे आकडे बसल्याजागी निघाले. दोनशेचे दोनशे पंधरा. एकशे बहात्तरचे एकशे पंच्याऐंशी.

अकरा वाजून दोन मिनिटांनी ते पुन्हा निघाले. टायरवाल्या बाई दारात होत्या. "आजोबा, परत?" त्यांनी काठी वर केली आणि मोजत राहिले. दोनशे अठ्ठावन्नला कोपरा आला. दोनशे पंधराला सिग्नलची टकटक थेट डोक्यावर होती. रस्ता ओलांडून एकशे पंच्याऐंशी मोजली आणि काठी पायरीला लागली.

रखवालदाराच्या म्हणण्यानुसार ते अकरा सोळाला आले, मधल्या बाकावर बसले आणि त्याला विचारलं, "रोज किती वाजता उघडता?" फोन वाजला तेव्हा त्यांनी खिशावर हात ठेवला, एवढंच. "घ्या ना," रखवालदार म्हणाला. "माझं काम अर्धंच झालंय," ते म्हणाले. अकरा छत्तीसला उठले.

मुलगा समोरच्या फूटपाथनं चालत, खरं तर पळत, गेला. त्याची नजर लांब पुढं लागलेली. पलीकडच्या भिंतीलगत, एका ट्रकच्या आडून, त्याचे वडील उलट दिशेनं चालले होते, ते त्याला दिसले नाहीत. वाचनालयात रखवालदार म्हणाला, "आत्ताच गेले की." तो त्या बाजूच्या फूटपाथनं परत फिरला. कोपरा वळल्यावर टायरवाल्या बाईंनी त्याचा चेहरा बघूनच ओळखलं.

"काठीवाल्या आजोबांचे तुम्ही? ते गेले, मग परत आले, परत गेले, आता पुन्हा घराकडे गेले. मला टाळ्या वाजवायला लावल्या. काय चाललंय काय?"

"मोजणी," तो म्हणाला आणि त्याला एकदम हसू आलं. ते थांबेना, तेव्हा बाईंनी त्याला पाणी दिलं.

अकरा एकोणपन्नासला सून फाटकाशी उभी होती. खाली जायचं नाही असं ठरवूनही ती आली होती. भिंतीलगत काठीचा आवाज आला, मग ते दिसले. तिनं हाक मारली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. काठी खांबाला लागली. दोन पावलं आधी त्यांनी खांब गृहीत धरला होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"दोन जास्त," ते म्हणाले. "सहाशे अठ्ठावन्नात दोन. चालेल." मग मान किंचित वळवून, "सूनबाई, साबणाचा वास येतोय. इथंच आहेस ना?"

"आहे बाबा."

"साहेब कुठंयत?"

"तुम्हाला शोधायला गेलाय."

"हरवला वाटतं."

तिचा जीव भांड्यात पडला होता, पण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसणार नव्हते, याचं तिला त्या क्षणी बरं वाटलं. आवाजातून मात्र कळलं असावं. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं केला. तिनं तो धरला. मग ती दोघं, फाटकातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर, मुलगा येईपर्यंत बसून राहिली.

मुलगा आला आणि वडिलांशेजारी कट्ट्यावर टेकला. मग म्हणाला, "पण काल तर मी अगदी हळू चालत होतो, बाबा. मुद्दाम."

"हळू चालत होतास. लहान टांग टाकत नव्हतास," मोजणीदार म्हणाले. "चूक तुझी नाही. चाळीस वर्षं नव्या पोरांना सांगत आलो, दुसऱ्याच्या पावलानं मोजू नका. आणि काल दंड धरला आणि विसरलो."

"का विसरलात?"

"बरं वाटत होतं," ते म्हणाले. "पुढं विचारू नकोस."

बारा वाजून दहा मिनिटांनी घर घ्यायचं ठरलं आणि दोनला येणाऱ्या कुटुंबाला एजंटनं कळवलं. त्यानं मोजणीदारांचं अभिनंदन केलं आणि वाचनालय इथून अगदी जवळ आहे, असं सांगितलं. "सहाशे अठ्ठावन्न," ते म्हणाले. "पुढच्या गिऱ्हाइकाला असंच सांग. पण त्याला त्याची मोजायला लाव." घरी जाताना गाडीत तिघंही भुकेले होते आणि कुणाच्याही ते आधी लक्षात आलं नव्हतं. रस्त्यात थांबून त्यांनी जेवण घेतलं. मोजणीदारांनी दोनदा वाढून घेतलं. शेवटच्या तासाभरात ते झोपले आणि मुलानं गाडी हळू चालवली.

सोमवारी अकरा चाळीसला सुनेनं रुग्णालयाला फोन करून होकार दिला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "घराची सोय झाली?" ती म्हणाली, "रस्त्याची झाली." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन म्हणाली, "हो, घराचीही."

बुधवारी दुपारी ती कागदांवर सह्या करायला एकटीच गेली. सह्या झाल्यावर, काही कारण नसताना, फाटकापासून वाचनालयापर्यंत चालून आली. तिची सातशे चार भरली. परतताना कोपऱ्यालगतच्या विटांच्या भिंतीवर पालिकेची छापील सूचना डकवलेली दिसली. रविवारी ती नव्हती. या बाजूच्या फूटपाथखालची पाण्याची जुनी वाहिनी बदलायची आहे, कामाच्या काळात फूटपाथ बंद राहील. काम सुरू होण्याची तारीख, या शब्दांपुढं रेघ होती आणि रेघेवर काही लिहिलेलं नव्हतं. तिनं फोटो काढून नवऱ्याला पाठवला आणि पालिकेच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं फाइल उघडून पाहिली. काम मंजूर आहे, तो म्हणाला, पण ठेकेदार ठरायचाय. पुढच्या आठवड्यात सुरू होईल किंवा पुढच्या वर्षी, आत्ता काहीच सांगता येत नाही.

ही गोष्ट मोजणीदारांना बुधवारी संध्याकाळी सांगितली. त्यांनी फूटपाथ कुठून कुठपर्यंत खणणार, एवढंच विचारलं. ते सूचनेत लिहिलेलं नव्हतं. सामानाचा ट्रक शनिवारी सकाळी सातला येणार आहे.